न खेळलेल्या सामन्याचा निकाल

नोटर डेम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा २०२५चा हंगाम ७ डिसेंबरच्या रविवारी दुपारी संपला. त्या दिवशी त्यांचा सामना नव्हता. आदल्या दिवशी, शनिवारीही नव्हता. ओळीने दहा सामने जिंकून ते घरी बसले होते. मंगळवारच्या क्रमवारीत ते दहावे होते आणि मायामी विद्यापीठाचा संघ बारावा. मायामीलाही त्या आठवड्यात सामना नव्हता. रविवारी अंतिम क्रमवारी जाहीर झाली, तेव्हा मायामी दहावा होता आणि नोटर डेम अकरावा. राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीचे दार त्या वर्षी नेमके दहाव्या क्रमांकानंतर बंद होत होते. दोघांपैकी कोणी चेंडूला हातही लावला नाही, तरी एक आत गेला आणि दुसरा बाहेर राहिला. नोटर डेमने मग हंगामअखेरचा दुसरा कुठलाही सामना खेळायला नकार दिला.

हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड आणि एकेका यार्डासाठी रेटारेटी, असा हा अमेरिकी खेळ. त्याची व्यावसायिक लीग वेगळी आहे. पण कित्येक राज्यांत लोकांचा जीव अडकलेला असतो तो महाविद्यालयीन संघात. ओहायो स्टेट, पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम अशा ठिकाणी मुले शिकायला असलेल्या मराठी घरांना याची कल्पना असेल. सप्टेंबर ते नोव्हेंबरमधल्या शनिवारी गावातली रहदारी वळवलेली, पार्किंगच्या जागेत सकाळपासून शेगड्या पेटलेल्या आणि मोठ्या विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक माणसे.

एवढा थाट, पण विजेता ठरवण्याची रीत चमत्कारिक. एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची शिखर संस्था बास्केटबॉल, पोहणे, तलवारबाजी, गोल्फ अशा खेळांचे राष्ट्रीय विजेते ठरवते आणि करंडक देते. सर्वोच्च पातळीच्या फुटबॉलचा विजेता मात्र तिने आजवर कधीच ठरवलेला नाही. इतरांनी कोणाला विजेता म्हटले, याची नोंद तेवढी ती आपल्या दप्तरात ठेवते.

मुळाशी साधे गणित आहे. २०२५मध्ये या पातळीवर १३६ संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे तर ९,१८० सामने लागतील. हा खेळ अंग ठेचून काढणारा. आठवड्याला एकाहून जास्त सामना झेपत नाही. म्हणून नियमित हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला बाराच सामने येतात. आयपीएलमध्ये दहा संघांची एकमेकांशी गाठ पडते, गुणतक्ता तयार होतो आणि वाद उरलाच तर निव्वळ धावगतीचा. इथे एखाद्या संघाने बारा सामने खेळले तरी सव्वाशेच्या आसपास संघ त्याच्यासमोर आलेलेच नसतात. त्यातून संघ आपापल्या ‘कॉन्फरन्स’मध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटांत, वाटलेले. एका गटात दर शनिवारी तगडा प्रतिस्पर्धी, दुसऱ्यात निम्मे सामने सोपे. दोन संघांचे दहा विजय आणि दोन पराभव कागदावर सारखे दिसतात. त्यांचे मोल सारखे नसते. जिथे सामना झालेला नाही तिथे कोणाचे तरी मत लागतेच. ते मत कोणाचे असावे आणि त्याने किती ठरवावे, एवढ्यावर गेली नव्वद वर्षे भांडण चालू आहे.

हंगामानंतरच्या सामन्यांची परंपरा त्याहून जुनी. १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावाने गुलाबांच्या उत्सवाला जोड म्हणून एक सामना ठेवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असे लोळवले. पुढे त्या गावात कटोऱ्याच्या आकाराचे मैदान उभे राहिले आणि सामना ‘रोझ बाऊल’ झाला. १९३०च्या दशकात मायामीत ऑरेंज, न्यू ऑर्लिन्सला शुगर आणि डॅलसला कॉटन बाऊल सुरू झाले. हिवाळ्यात उबदार गावी पाहुणे यावेत, हॉटेले भरावीत, हा यामागचा व्यवहार. कोणाला बोलवायचे ते यजमान ठरवत, आणि पुढे तर गटांशी करारच झाले. देशातला पहिला आणि दुसरा संघ समोरासमोर यावेत अशी कोणाची जबाबदारीच नव्हती.

मग पहिला कोण, हे कोण सांगणार? १९३५च्या अखेरीस असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे क्रीडा संपादक अ‍ॅलन गूल्ड यांनी स्वतःच यादी केली आणि मिनेसोटा, प्रिन्स्टन आणि सदर्न मेथडिस्ट या तिघांना बरोबरीने पहिला क्रमांक दिला. मिनेसोटावाले खवळले. पुढच्या वर्षी गूल्ड यांनी देशभरच्या क्रीडा पत्रकारांची मते मागवली आणि दर आठवड्याला क्रमवारी छापायला सुरुवात केली. त्या पहिल्या वर्षाचा विजेता मिनेसोटाच ठरला. दोन शनिवारांच्या मधल्या दिवसांत लोकांचे कुतूहल आणि वाद पेटते राहावेत म्हणून हा घाट घातला, हे गूल्ड यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले होते. वाद हा या पद्धतीत नंतर शिरलेला दोष नाही. तो तिच्या जन्माचेच कारण आहे.

मतमोजणी सोपी आहे. आज साठेक पत्रकार प्रत्येकी पंचवीस संघांची यादी पाठवतात. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे करत पंचविसाव्याला एक. बेरीज केली की क्रमवारी तयार. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या जाँ-शार्ल द बोर्दा यांनी मांडलेली मोजणी ती हीच. बेरीज बिनचूक असते. पण तिच्यातून कळते ते एवढेच, की मतदारांचे किती एकमत आहे. संघ किती बलवान आहे, हे त्यातून कळतेच असे नाही.

आणि मतदार तरी काय करणार? एका शनिवारी पन्नासच्या वर सामने असतात. पत्रकार स्वतः एका सामन्याच्या वार्तांकनाला गेलेला असतो. उरलेल्यांचे धावफलक आणि थोडी क्षणचित्रे पाहून रात्री यादी पाठवायची. त्यामुळे एक न लिहिलेला नियम रुजला: जिंकला त्याला हलवू नका, हरला त्याला खाली ढकला. याचा अर्थ सुरुवात कुठून झाली याला महत्त्व आले. १९५०पासून तर हंगाम सुरू होण्याआधीच, म्हणजे एकही सामना झालेला नसताना, पहिली क्रमवारी निघते. तिला आधार गेल्या वर्षीच्या कामगिरीचा, विद्यापीठाच्या नावाचा आणि अंदाजाचा. वरून सुरुवात करणारा जिंकत राहिला की वरच राहतो. खालून येणाऱ्याला आपण जिंकून भागत नाही. वरच्याने हरावे लागते. कधी हरलात यालाही किंमत आहे. सप्टेंबरातला पराभव लोक विसरतात, नोव्हेंबरातला डोळ्यांसमोर राहतो.

१९५०मध्ये युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी सुरू केली. प्रशिक्षक खेळातले जाणकार खरे. पण ते स्वतःच्या संघालाही मत देणार आणि प्रतिस्पर्ध्यालाही. शिवाय दोन्ही क्रमवाऱ्यांचा शेवटचा निकाल बरीच वर्षे बाऊल सामन्यांच्या आधीच लागत असे. १९७३मध्ये प्रशिक्षकांनी अलाबामाला विजेता ठरवले आणि नंतर शुगर बाऊलमध्ये नोटर डेमने त्याच अलाबामाला २४-२३ असे हरवले. पत्रकारांनी तोवर आपली रीत बदलून बाऊलनंतर मतदान घ्यायला सुरुवात केली होती. त्यांचा विजेता नोटर डेम झाला. पुढच्या वर्षापासून प्रशिक्षकांची क्रमवारीही बाऊलनंतर निघू लागली.

क्रमवारी सामन्यानंतर लिहिली जाते, तरी तिची सावली सामन्यावर आधीच पडते. १९ नोव्हेंबर १९६६ रोजी पहिल्या क्रमांकाचा नोटर डेम आणि दुसऱ्या क्रमांकाचा मिशिगन स्टेट एकमेकांशी भिडले. गुण १०-१०. शेवटच्या मिनिटांत चेंडू नोटर डेमकडे होता. लांब पास टाकून विजयासाठी धडपडता आले असते, पण प्रशिक्षक आरा पारसेगियन यांनी धोका पत्करला नाही आणि वेळ काढून बरोबरी घेतली. अंतिम क्रमवारीत नोटर डेम पहिलाच राहिला. एकही सामना न हरलेला, बरोबरीतही न अडकलेला अलाबामा तिसरा आला. बरोबरी मैदानात कोणालाच समाधान देणारी नव्हती. क्रमवारीत मात्र ती पुरेशी होती.

दोन क्रमवाऱ्या म्हणजे कधी कधी दोन विजेते. १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षे तसे झाले आणि १९९७मध्ये पुन्हा: पत्रकारांचा मिशिगन, प्रशिक्षकांचा नेब्रास्का. यावर उतारा म्हणून १९९८मध्ये ‘बाऊल चॅम्पियनशिप सिरीज’, म्हणजे बीसीएस, आली. दोन्ही क्रमवाऱ्या, काही संगणकीय क्रमवाऱ्या, प्रतिस्पर्ध्यांची ताकद आणि पराभवांची संख्या यांचे सूत्र करायचे आणि त्यातले पहिले दोन संघ अंतिम सामन्यात उतरवायचे. मताला गणिताची वेसण घालण्याचा हा प्रयत्न होता.

२००३मध्ये ती वेसण तुटली. पत्रकार आणि प्रशिक्षक या दोघांनीही सदर्न कॅलिफोर्नियाला पहिले ठेवले होते, पण सूत्रात तो तिसरा आला. ओक्लाहोमा तर आपल्या गटाचा अंतिम सामना कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असा हरला होता. तरी आधीची पुंजी एवढी होती की सूत्रात तो पहिलाच राहिला. अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेटने त्याला २१-१४ असे हरवले. करारानुसार प्रशिक्षकांनी त्या सामन्याच्या विजेत्यालाच पहिले मत देणे बंधनकारक होते. पत्रकारांवर बंधन नव्हते. त्यांनी सदर्न कॅलिफोर्नियाला विजेता केले. ज्या दुखण्यावर औषध आणले, तेच दुखणे पुन्हा उपटले.

पुढच्या वर्षी ऑबर्न एकही सामना हरला नाही, तरी बाहेर राहिला. हंगामपूर्व क्रमवारीत सदर्न कॅलिफोर्निया पहिला, ओक्लाहोमा दुसरा आणि ऑबर्न सतरावा होता. पहिले दोघेही जिंकत राहिले, त्यामुळे ऑगस्टमध्ये आखलेली रांग डिसेंबरमध्ये ऑबर्नला ओलांडता आली नाही. त्या हंगामानंतर असोसिएटेड प्रेसने आपली क्रमवारी बीसीएससाठी वापरायला मनाई केली. बातमी देणाऱ्यानेच बातमी घडवावी, ही अडचण अखेर त्यांनाच बोचली.

संगणकाकडे तरी निर्विवाद उत्तर होते का? २००८चे त्रांगडे पाहा. टेक्ससने ओक्लाहोमाला ४५-३५ असे हरवले. टेक्सस टेकने टेक्ससला ३९-३३ असे हरवले, तेही शेवटचा सेकंद उरला असताना. ओक्लाहोमाने टेक्सस टेकला ६५-२१ असे चिरडले. तिघेही एकाच गटात, तिघांचेही अकरा विजय आणि एक पराभव. अ ने ब ला, ब ने क ला आणि क ने अ ला हरवले असेल, तर या तिघांची सरळ रांग लावणारे गणितच अस्तित्वात नाही. कुठले तत्त्व आधी धरायचे, ते माणसालाच ठरवावे लागते. टेक्सस आणि ओक्लाहोमा यांची समोरासमोरची लढत धरली तर टेक्सस, विजयाचे अंतर आणि अलीकडचा फॉर्म धरला तर ओक्लाहोमा. गटाचा नियम म्हणत होता की बीसीएसमध्ये वर असेल तो पुढे जाईल. ओक्लाहोमा किंचित वर निघाला, गटाचे विजेतेपद खेळला आणि तिथून राष्ट्रीय अंतिम सामन्यात गेला. तिथे तो फ्लोरिडाकडून हरला.

सूत्राला चुकाही होत. २०१०मध्ये एका संगणकीय क्रमवारीत खालच्या पातळीवरच्या एका सामन्याचा निकाल भरायचा राहून गेला. ती एक नोंद घातल्यावर बीसीएसमधल्या दहाव्या आणि अकराव्या संघांची अदलाबदल झाली. त्या क्रमवारीचे सूत्र उघड होते, म्हणून चूक सापडली. बाकीच्या बहुतेक संगणकीय क्रमवाऱ्यांची सूत्रे त्यांच्या कर्त्यांनी गुप्त ठेवली होती.

२०१४मध्ये बीसीएस गेले आणि चार संघांची बाद फेरी आली. या वेळी सूत्राला रजा देऊन तेरा माणसांची समिती बसवली. त्यांत आजी-माजी क्रीडा प्रशासक आणि माजी प्रशिक्षक होते. पहिल्या समितीत अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलिझा राइसही होत्या. टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइनच्या हॉटेलात हे लोक जमतात. प्रत्येक जण आधी तीस संघांची यादी करतो. मग थोड्या थोड्या संघांचा गट घेऊन चर्चा, गुप्त मतदान, पुन्हा पुढचा गट. स्वतःच्या विद्यापीठाचा विषय निघाला की सदस्याने खोलीबाहेर जायचे. गटाचे विजेतेपद, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, समोरासमोरचा निकाल आणि समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी हे निकष लिहिलेले आहेत. कुठल्या निकषाला किती वजन द्यायचे, ते मात्र लिहिलेले नाही. आणि नोव्हेंबरपासून ही क्रमवारी दर मंगळवारी दूरचित्रवाणीवर कार्यक्रम करून जाहीर होते. गूल्ड यांची युक्ती समितीनेही सोडली नाही.

पहिल्याच वर्षी टेक्सस ख्रिश्चन तिसरा होता, शेवटचा सामना ५५-३ असा जिंकला आणि सहावा झाला. त्याच दिवशी ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला ५९-० असे धुतले आणि चौथी जागा मिळवली. त्यांचे पहिले दोन क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारे खेळाडू, जायबंदी होते. तिसरा, कार्डेल जोन्स, मैदानात उतरला आणि ओहायो स्टेटने थेट विजेतेपद मिळवले.

२०२३मध्ये हाच प्रश्न उलटा आला. फ्लोरिडा स्टेटने तेरापैकी तेरा सामने आणि गटाचे विजेतेपद जिंकले होते. पण नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला होता. महत्त्वाचा खेळाडू नसेल तर त्याचा विचार करता येतो, असे समितीच्या निकषांत आहे. समितीने फ्लोरिडा स्टेटला पाचवे ठेवले आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथे. चार संघांची बाद फेरी आल्यापासून मोठ्या गटाचा अपराजित विजेता पहिल्यांदाच बाहेर राहिला. पुढे ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे हरवले. समितीचे बरोबर होते, असे काही जण म्हणाले. पण मन उडालेल्या संघातले वीसहून अधिक खेळाडू त्या सामन्यात नव्हतेच. क्रमवारीने संघ मोडला आणि मोडलेला संघ हरला, तो पुरावा क्रमवारीच्याच नावे जमा झाला. २०१४च्या समितीने तिसऱ्या क्वार्टरबॅकवर विश्वास टाकला, २०२३च्या समितीने बदली क्वार्टरबॅकवर टाकला नाही. कार्डेल जोन्सला संधी मिळाली म्हणून तो काय करू शकतो ते कळले. फ्लोरिडा स्टेटबद्दल ते कधीच कळणार नाही.

२०२४पासून बाद फेरी बारा संघांची झाली. २०२४ आणि २०२५मध्ये सर्वात वरच्या क्रमांकांच्या पाच गटविजेत्यांना हमखास जागा होती आणि उरलेल्या सात क्रमवारीनुसार होत्या. पहिल्या वर्षी वरच्या चार गटविजेत्यांना पहिल्या फेरीत थेट सूट मिळाली. त्यामुळे क्रमवारीत बारावा असलेल्या अ‍ॅरिझोना स्टेटला चौथे मानांकन मिळाले. सूट मिळालेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले. २०२५मध्ये मानांकन सरळ क्रमवारीनुसार केले.

आता त्या डिसेंबरच्या रविवारकडे परत जाऊ. ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन हे दोन गटविजेते क्रमवारीत बरेच खाली होते, पण त्यांची जागा हमखास होती. म्हणून दार दहाव्या क्रमांकावर आले. नोटर डेम कुठल्याच गटात फुटबॉल खेळत नाही. त्याला गटविजेता म्हणून आत जाण्याची वाटच नाही, भिस्त सगळी क्रमवारीवर. मायामीने त्याला ३१ ऑगस्टला २७-२४ असे हरवले होते. तरी समिती आठवडेच्या आठवडे नोटर डेमला वर ठेवत आली, कारण दोघांच्या मध्ये इतर संघ होते. शेवटच्या शनिवारी मधला ब्रिगहॅम यंग संघ टेक्सस टेककडून ३४-७ असा हरला आणि खाली घसरला. मायामी आणि नोटर डेम आता लागून आले. लागून आले म्हणून समितीने त्यांची समोरासमोर तुलना केली आणि तीन महिन्यांपूर्वीचा सामना एकदम महत्त्वाचा ठरला. म्हणजे नोटर डेमची जागा गेली ती एका तिसऱ्याच संघाच्या पराभवामुळे. त्या वर्षी बाद फेरीत नुसती जागा मिळाली की ४० लाख डॉलर मिळत होते. ती रक्कमही तिच्यासोबत गेली.

दार रुंद केल्याचा उपयोग झाला नाही, असे नाही. २०२५च्या हंगामपूर्व क्रमवारीत पहिला असलेला टेक्सस बाद फेरीत पोहोचलाच नाही. विसावा असलेला इंडियाना सोळापैकी सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. इंडियाना अनेक पिढ्या हरण्यासाठीच ओळखला जाई; जुन्या पद्धतीत त्याला नावाच्या ओझ्याखालूनच वर यावे लागले असते. १९३५मध्ये एका माणसाचे मत पहिला क्रमांक ठरवत होते. आता तेरा माणसांचे मत दहावा ठरवते, आणि पहिला बऱ्याच अंशी मैदानात ठरतो.

पण उंबरठ्यावरची जागा स्वस्त नाही. मायामीने टेक्सस ए अँड एमला हरवले, गतविजेत्या ओहायो स्टेटला हरवले, ओल मिसला हरवले आणि १९ जानेवारी २०२६ रोजी अंतिम सामन्यात इंडियानाला २७-२१पर्यंत झुंजवले. समितीने योग्य संघ निवडला, असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. मायामीच्या रकान्यात आता चार सामन्यांचे निकाल आहेत. नोटर डेमचा रकाना कोरा आहे, आणि कोऱ्या रकान्याशी तुलना करता येत नाही.